ट्रॅक्टरची बॅटरी आणि ट्रॉलीचा लाल दिवा



हंगाम तोंडावर आला की तोडणीची टोळी, मुकादम, डिझेल यांची जुळवाजुळव आपण वेळेवर करतो. ट्रॅक्टरच्या वायरिंगकडे मात्र ते बंद पडेपर्यंत कोणी पाहत नाही. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे. पुढे वजनही घटते आणि साखरही. भरलेली ट्रॉली फडात उभी अन् सेल्फ घेईना, म्हणजे नुकसान ट्रॅक्टरमालकाइतकेच ऊसमालकाचेही आहे.

सेल्फ नुसताच कट-कट करतो, म्हणून लगेच नव्या बॅटरीसाठी वसमत किंवा हिंगोली गाठू नये. आधी टर्मिनल पाहावे. त्यावर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर वायरी सोडून गरम पाण्याने धुवावे, घासावे, घट्ट आवळून वर व्हॅसलीन लावावे. वायर सोडताना अर्थिंगची आधी सोडावी, जोडताना ती शेवटी जोडावी. बॅटरीतल्या प्लेटा पाण्यात बुडालेल्या असाव्यात. पाणी फक्त डिस्टिल्ड घालावे. बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटा खातात. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो, तेव्हा विडी-काडी लांब ठेवावी.

साधा मीटर असल्यास दोष लवकर सापडतो. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ च्या खाली गेली तर चार्ज करावी. इंजिन चालू केल्यावर आकडा १४ च्या जवळ चढला पाहिजे. तो चढत नसेल तर फॅनबेल्ट ढिला आहे किंवा अल्टरनेटर चार्जिंग करीत नाही. तिथे नवी बॅटरी घालून काय उपयोग? तीही चार दिवसांत उतरणार. वजनकाट्याच्या रांगेत इंजिन बंद करून रात्रभर टेप वाजवला, तर पौषातल्या थंड पहाटे सेल्फ मारताना त्याची किंमत कळते.

आता ट्रॉलीचा दिवा. ब्रेक दाबला की मागचे दिवे मंद होतात, इंडिकेटर भलताच लागतो, ही तक्रार नेहमीची. बल्ब बदलून ती जात नाही. दिव्याकडे वीज प्लगमधून जाते, पण परत येण्यासाठी पुष्कळदा हुकाच्या लोखंडावर भिस्त असते. हुकाला ग्रीस आणि गंज. म्हणून अर्थिंगची स्वतंत्र वायर प्लगपासून ट्रॉलीच्या चासीपर्यंत ओढावी, रंग खरवडून नट-बोल्टने आवळावी. जोड ट्रॉली असेल तर दुसरीलाही तसेच करावे. वायरी पाचटात अडकणार नाहीत अशा बांधाव्यात. फ्यूज गेला तर त्याच अँपिअरचा घालावा. जाड तार घातली तर वायर तापते आणि कोरडे पाचट पेटायला ठिणगी पुरते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. औंढ्याच्या किंवा कळमनुरीच्या रस्त्याला अंधारात उभी ट्रॉली मोटारसायकलवाल्याला धडकेपर्यंत दिसत नाही. तो मोटारसायकलवाला आपल्याच गावचा, आपल्याच घरचा असू शकतो. उसाची टोके लोंबून दिवा झाकतात, तेही पाहावे. दिवा बंद पडला तरी दिसावे म्हणून लाल रिफ्लेक्टर लावावेत आणि रोजच्या खेपेआधी ते पुसावेत.

पहिली खेप निघण्यापूर्वी एक संध्याकाळ यासाठी काढावी. एकाने ब्रेक दाबावा, दुसऱ्याने मागे उभे राहून पाहावे. दोन माणसे आणि अर्धा तास, एवढाच खर्च आहे.

– ऊस विकास अधिकारी