डेडस्टॉकच्या खोलीतले तांबे

अहिल्यानगर जिल्ह्यात संगणक सहजासहजी मरत नाही. पतसंस्था असो, साखर कारखाना असो की शाळा. बंद पडलेला डबा नोंदवहीतल्या क्रमांकासह डेडस्टॉकच्या खोलीत जाऊन बसतो. निर्लेखनाचा ठराव झाला की लिलाव. ज्याची बोली मोठी, त्याचा टेम्पो.

या खोल्यांत आता गर्दी वाढणार आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते. ती नसलेला चालू संगणकही म्हातारा ठरतो. खरे तर रॅम वाढवून, एसएसडी आणि लिनक्स टाकून त्यातले बरेच डबे आणखी काही वर्षे चालतील.

उरलेल्यांत पत्रा, तांबे, अ‍ॅल्युमिनियम असते. मदरबोर्ड आणि रॅमच्या टोकांवर सोन्याचा पातळ मुलामा. जपानने २०१७ ते २०१९ या काळात सुमारे ७९ हजार टन जुनी उपकरणे आणि ६२ लाख मोबाइल जमवून टोकियो ऑलिंपिकची पदके घडवली. त्यातून सोने निघाले ३२ किलो. असेच सोने दिल्लीच्या सीलमपुरात कारागीर आम्लात बोर्ड बुडवून काढतात. तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात, आणि जुन्या मॉनिटरच्या काचेतले शिसे कुठेतरी मातीत जाते.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार मोठ्या ग्राहकाने जुनी उपकरणे नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्ती केंद्र किंवा पुनर्चक्रण केंद्रालाच द्यायची आहेत. पण मोठा ग्राहक म्हणजे वर्षात कधीतरी किमान १,००० उपकरणे वापरणारा. वीस संगणकांची पतसंस्था या व्याख्येत बसत नाही.

आणि वीस डब्यांसाठी पुण्याहून कोणते केंद्र गाडी पाठवणार?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्याच प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तो लहान शेतकऱ्यांचा ऊस एका गव्हाणीत आणून. तसेच अकोले, पारनेर, कर्जतच्या संस्थांनी ठरावीक दिवशी तालुक्याला डबे आणले, तर ट्रक भरतो आणि भावही ठरवता येतो.

त्याआधी हार्ड डिस्क मात्र काढून घ्यावी लागते. साध्या फॉरमॅटने त्यातला मजकूर पुसला जातोच असे नाही. ठेवीदारांची नावे, कर्जदारांचे आधार क्रमांक टेम्पोतून निघून जातात. म्हणून डिस्कला ड्रिलने भोके पाडायची, केंद्राची नोंदणी तपासायची आणि मिळालेली पावती डेडस्टॉक नोंदवहीत त्या क्रमांकापुढे चिकटवायची.