वैद्यालाही वैद्य लागतो

महाड-पोलादपूरच्या परिसरात डॉक्टर हा घरातलाच माणूस मानला जातो. महामार्गावरील अपघात असो, औद्योगिक वसाहतीतील कामगार असो की डोंगरातल्या वाडीवरची बाळंतीण असो, रात्री-अपरात्री त्याच्याच दारावर थाप पडते. असा माणूस स्वतःच व्यसनात अडकला तर ते बोलून दाखवण्याचे धैर्य कोणाला होत नाही. घरच्या वडीलधाऱ्यांना तर मुळीच नाही. हे मौनच आजाराला वाढू देते.

डॉक्टर, परिचारिका आणि औषधविक्रेते यांच्यापुढील धोका थोडा वेगळा असतो. जागरणाने अंग मोडून येते, झोप लागत नाही आणि औषध हाताशीच असते. झोपेची गोळी, वेदनाशामक इंजेक्शन, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध यांपासून सुरुवात होते. ‘मला मात्रा कळते’ हा विश्वास घात करतो. मात्रा कळली म्हणून मेंदूची सवय टळत नाही. अमेरिकेतील नामांकित शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांनी भुलीसाठी कोकेनचे प्रयोग स्वतःवर केले आणि ते त्याच्या आहारी गेले. पुढे मॉर्फिननेही त्यांना सोडले नाही.

आपल्याकडे व्यसनाकडे आजार म्हणून पाहण्याची दृष्टी रुजवण्यात मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांचा मोठा वाटा आहे. त्या पुण्याच्या येरवडा मनोरुग्णालयात काम करीत होत्या. त्यांचे पती डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर केलेले लेखन वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे मदतीस पुढे आले आणि 1986 साली ‘मुक्तांगण’ सुरू झाले. व्यसनी माणसाला धमकावून वा कोंडून न ठेवता माणूस म्हणून वागवायचे, बऱ्या झालेल्यांनाच उपचारांत सहभागी करून घ्यायचे आणि कुटुंबालाही सोबत घ्यायचे, ही तेथील रीत. 1997 साली अनिताताई कर्करोगाने गेल्या. काम मात्र पुढे चालू राहिले.

या रीतीत डॉक्टर-रुग्णासाठी मोठा धडा आहे. येथे त्याला स्वतःची पदवी बाजूला ठेवून रिक्षावाल्याशेजारी बसून ‘मला थांबता येत नाही’ असे म्हणावे लागते. तोच बरे होण्याचा आरंभ असतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या चळवळीचे एक संस्थापक डॉ. बॉब हे स्वतः शल्यचिकित्सक आणि मद्यपी होते. जून 1935 मध्ये त्यांनी शेवटचा पेला घेतला आणि उरलेले आयुष्य इतर मद्यपींना सावरण्यात घालवले.

घरच्यांनी काय पाहावे? स्वभावात अचानक बदल, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, कपाटात वा न्हाणीघरात रिकाम्या कुप्या, वारंवार चुकणाऱ्या वेळा, बारीक झालेल्या बाहुल्या. अशी एकेक खूण म्हणजे पुरावा नव्हे. पण अनेक खुणा एकत्र दिसल्या तर शांतपणे बोलावे. ‘आम्ही तुझी लाज झाकणार नाही, पण तुला एकटाही सोडणार नाही’ हे वाक्य दहा उपदेशांपेक्षा उपयोगी पडते. आजी-आजोबांनी आपली झोपेच्या गोळ्यांची पट्टी कुलुपात ठेवावी.

एक इशारा मात्र गंभीरपणे घ्यावा. बरेच दिवस घेतलेली दारू किंवा झोपेच्या गोळ्या एकाएकी बंद केल्यास फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. प्रसंगी जिवावर बेतते. म्हणून सोडवणूक तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावी. श्वास मंदावला, जाग येईना, तर तत्काळ 108 वर फोन करावा.

गाव लहान, म्हणून बोभाट्याची भीती वाटते. पण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि दूरच्या शहरात उपचार घेण्यास कोणाची आडकाठी नाही. फोनवर सल्ल्यासाठी टेलिमानसचा 14416 आणि व्यसनमुक्तीचा 14446 हे क्रमांक आहेत. ज्याने आपल्या घरातील ताप उतरवले, त्याच्या कपाळावर हात ठेवण्याची वेळ आली तर घराने आणि गावाने मागे सरू नये.