छोटी विमाने, मोठी अनिश्चितता

विमान कंपनीने प्रादेशिक सेवेसाठी उपकंपनी काढली की नव्या नोकऱ्यांची आशा निर्माण होते. पण जुन्या कर्मचाऱ्यांच्या वेतनावर आणि ज्येष्ठतेवर टांगती तलवारही येते. अमेरिकेतील यूएस एअरवेज हे याचे बोलके उदाहरण. २००२ च्या दिवाळखोरीनंतर कंपनीने ‘मिडअटलांटिक’ ही छोट्या जेट विमानांची सेवा उभारण्याचे ठरविले. कामावरून कमी केलेल्या वैमानिकांना तेथे संधी होती, मात्र कमी वेतनावर. २००४ मध्ये सुमारे ७० आसनी एम्ब्रेअर विमाने उडू लागली. त्याच वर्षी कंपनी पुन्हा दिवाळखोरीत गेली. २००५ मध्ये विमाने ‘रिपब्लिक’ला विकण्याचे ठरले आणि २००६ मध्ये मिडअटलांटिक बंद झाली. त्यामुळेच उपकंपनी विकली गेल्यास आपले काय, हा कर्मचाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो.