न दिसलेल्या ताऱ्याचे गणित

प्रेपच्या वेळी एका कॅडेटने वहीत घडी करून ठेवलेले वर्तमानपत्राचे कात्रण माझ्यासमोर धरले. "सर, हा क्वार्क तारा खरंच सापडलाय का?"

"खात्रीने म्हणावा असा एकही नाही," मी म्हणालो.

"मग त्याचं वस्तुमान, त्रिज्या, आतला दाब, हे सगळं कशावरून लिहितात? आणि वर म्हणतात, गुरुत्वाकर्षणाचा नियमसुद्धा बदलून पाहिला!"

प्रश्न रास्त होता. तेवढ्यात घंटा झाली, फॉल-इनची वेळ झाली आणि उत्तर अर्धेच राहिले. ते पुरे करण्यासाठी हा लेख. पालकांनीही तो वाचावा. शाळेत शिकलेले विज्ञान आठवले तरी पुरेल.

तारा उभा कशावर राहतो?

प्रत्येक ताऱ्यात एक रस्सीखेच चाललेली असते. गुरुत्वाकर्षण सगळे आत ओढते आणि आतला दाब बाहेर ढकलतो. सूर्यात हा दाब उष्णतेतून येतो. इंधन संपले की ही उष्णता ओसरते आणि तारा आकुंचन पावू लागतो.

मग त्याला कोण थोपवते? हलक्या ताऱ्यात हे काम इलेक्ट्रॉन करतात. एका मर्यादेपलीकडे ते एकमेकांच्या जवळ दाटीने बसायला तयार होत नाहीत. अशा ताऱ्याला श्वेत बटू म्हणतात. १९३० साली मुंबईहून इंग्लंडला निघालेल्या बोटीवर एकोणीस वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी हिशेब मांडला आणि या आधारालाही मर्यादा आहे असे त्यांना दिसले. आज आपण ती सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमान अशी सांगतो. त्यापुढे इलेक्ट्रॉन हार मानतात.

त्यानंतरचा आधार न्यूट्रॉनचा. न्यूट्रॉन ताऱ्याची कल्पना १९३४ साली मांडली गेली, आणि १९६७ साली जोसेलिन बेल यांना पहिला स्पंदक सापडला तेव्हा ती आकाशात खरी ठरली. अशा ताऱ्याची घनता तुम्ही स्वतः काढू शकता. वस्तुमान सूर्याच्या १.४ पट, त्रिज्या १२ किलोमीटर धरा आणि गोलाच्या घनफळाचे सूत्र वापरा. एका घन सेंटिमीटरला, म्हणजे एका लहान फाशाएवढ्या जागेला, सुमारे ३९ कोटी टन उत्तर येईल. २०२३-२४ साली सगळ्या भारतात मिळून सुमारे ३३ कोटी टन अन्नधान्य पिकले. ते सगळे एका फाशात कोंबले तरी हा तारा त्याहून दाट भरेल.

कापसाचा ढीग आणि लाडू

न्यूट्रॉन हा शेवटचा कण नव्हे. तो क्वार्क नावाच्या तीन कणांचा बनलेला असतो. मग ताऱ्याच्या गाभ्यात दाब इतका वाढला की न्यूट्रॉनच्या भिंतीच फुटल्या, तर? १९७० साली जपानी शास्त्रज्ञ नाओकी इतोह यांनी क्वार्कच्या ताऱ्याचा विचार मांडला. १९७१ मध्ये बोडमर यांनी आणि १९८४ मध्ये एडवर्ड विटन यांनी त्याहून धाडसी शक्यता सांगितली. अप, डाऊन आणि स्ट्रेंज अशा तीन जातींच्या क्वार्कचे मिश्रण हाच पदार्थाचा सर्वांत स्थिर प्रकार असू शकेल, असे ते गृहीतक आहे. ते खरे असेल तर केवळ गाभाच नव्हे, सबंध तारा क्वार्कचा असू शकतो.

या पदार्थाच्या वर्तनासाठी बहुतेक जण १९७४ साली मांडलेले 'बॅग मॉडेल' वापरतात. बॅग म्हणजे पिशवी. क्वार्क एका पिशवीत मोकळे फिरतात आणि पिशवी त्यांना बाहेरून दाबून धरते, अशी ही कल्पना. तिचे सूत्र सोपे आहे: ऊर्जेच्या घनतेतून पिशवीच्या दाबाची चौपट वजा करा आणि तीनने भागा, की क्वार्क पदार्थाचा दाब मिळतो. गंमत अशी, की दाब शून्य झाला तरी घनता शून्य होत नाही. ताऱ्याच्या अगदी पृष्ठभागावरही पदार्थ अणुकेंद्रापेक्षा दाट असतो.

याचा अर्थ समजायला घरचे उदाहरण पुरेसे आहे. न्यूट्रॉन तारा कापसाच्या ढिगासारखा. वरून आणखी भार टाकला की खालचा कापूस दबतो, म्हणून असा तारा जड झाला तरी मोठा होत नाही, शेवटी तर लहानच होत जातो. क्वार्क तारा लाडवासारखा. लाडू स्वतःच्या चिकटपणाने वळलेला असतो, त्याला बाहेरून कोणी धरून ठेवावे लागत नाही. जास्त सारण घेतले की मोठा लाडू, कमी घेतले की छोटा. म्हणून हलका आणि तरीही लहान असा तारा सापडला, तर क्वार्क ताऱ्याचा संशय घ्यायला जागा असते. फार जड झाल्यावर मात्र लाडूही गुरुत्वापुढे दबतो. साध्या बॅग मॉडेलमध्ये त्याची कमाल मर्यादा सूर्याच्या सुमारे दुप्पट येते.

आपल्या शहरातला धागा

या गोष्टीचा एक धागा बेंगळुरूतून जातो. १९८२ साली सेकंदाला ६४२ फेऱ्या घेणारा स्पंदक सापडला. स्पंदकाचा वेग वयाबरोबर मंदावतो, मग हा इतका वेगवान कसा? येथल्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटचे व्ही. राधाकृष्णन आणि जी. श्रीनिवासन यांनी त्याच वर्षी 'करंट सायन्स'मध्ये उत्तर सुचवले: हा म्हातारा तारा आहे, जोडीदार ताऱ्याकडून पडणाऱ्या पदार्थाने त्याला पुन्हा गरगर फिरवले आहे.

१९९८ साली असा पदार्थ पडत असतानाच सेकंदाला ४०१ फेऱ्या घेणारा तारा क्ष-किरणांत दिसला आणि त्या कल्पनेला भक्कम आधार मिळाला. पुढच्याच वर्षी याच ताऱ्याबद्दल नवी शंका निघाली. कोलकात्याचे मीरा डे आणि जिष्णू डे, तसेच त्यांचे परदेशातील सहकारी यांनी त्याच्या क्ष-किरणांच्या चढउतारांवरून लिहिले की तो न्यूट्रॉन ताऱ्याच्या मानाने लहान भासतो, म्हणजे कदाचित क्वार्क तारा असेल. ती शंका अजून सिद्ध झालेली नाही. २००२ साली दुसऱ्या एका ताऱ्याबद्दल अशीच मोठी बातमी झाली होती. पुढे त्याचे अंतर आणि त्रिज्या नीट मोजल्यावर तो नेहमीच्या न्यूट्रॉन ताऱ्याएवढा निघाला आणि तो दावा मागे पडला.

नियमच बदलला तर?

आता कॅडेटच्या प्रश्नाचा दुसरा भाग. आइन्स्टाइन यांच्या १९१५ च्या सिद्धांतात गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाश-काळाची वक्रता. हा सिद्धांत सूर्यमालेत उत्तम चालतो. पण विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतो आहे हे १९९८ साली कळल्यावर, मोठ्या अंतरांवर नियमात काही भर हवी का, असा प्रश्न अनेकांनी विचारला. नियमाला हात घालण्याचे धाडस त्याआधीही झाले होते. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉईल यांच्यासोबत १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा वेगळा सिद्धांत मांडला, तेव्हा ते पंचविशीत होते.

आजच्या सुधारित सिद्धांतांपैकी एक सोपा नमुना असा: आइन्स्टाइन यांच्या सूत्रात वक्रतेसोबत वक्रतेच्या वर्गाचेही एक पद मिळवायचे आणि ते किती मोठे असावे यासाठी एक नवा स्थिरांक ठेवायचा. स्टारोबिन्स्की यांनी १९८० साली विश्वाच्या आरंभासाठी हा मार्ग वापरला. २०११ साली हार्को आणि सहकाऱ्यांनी सूत्रात वक्रतेसोबत पदार्थाशी संबंधित राशीही मिसळली. क्वार्क ताऱ्यांवरचे पुष्कळ लेख याच चौकटीत लिहिले जातात. मात्र त्या चौकटीत ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नेहमीचा नियम सर्वसाधारणपणे जसाच्या तसा राहत नाही, ही किंमत लक्षात ठेवावी लागते.

दाट ताऱ्यांवरच हे प्रयोग का? कारण तिथे गुरुत्व तीव्र असते. ताऱ्याच्या वस्तुमानाचे कृष्णविवर झाले असते तर त्याची त्रिज्या किती असती, याचे ताऱ्याच्या खऱ्या त्रिज्येशी गुणोत्तर काढा. पृथ्वीसाठी ते एक अब्जांशाच्या आसपास येते, तर वरच्या न्यूट्रॉन ताऱ्यासाठी सुमारे ०.३४. नियमात फरक असेल तर तो अशा जागी उठून दिसावा.

आपल्या भारतीय विज्ञान संस्थेत, ज्याला बेंगळुरूकर आजही टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात, उपासना दास आणि बाणीब्रत मुखोपाध्याय यांनी २०१५ साली हाच वक्रतेच्या वर्गाचा नियम श्वेत बटूला लावला. नव्या स्थिरांकाचे मूल्य बदलले की चंद्रशेखर मर्यादा वर किंवा खाली सरकते, असे त्यांच्या गणितात दिसले. काही ताऱ्यांचे स्फोट अपेक्षेपेक्षा फार तेजस्वी आणि काही फार मंद का असतात, याचे ते एक संभाव्य स्पष्टीकरण आहे.

एक बेअरिंग, दोन अज्ञात

इथेच खरी अडचण सुरू होते. मॅप रीडिंगच्या तासाला तुम्ही रिसेक्शन शिकलात. आपण कुठे उभे आहोत हे ठाऊक नसेल तर ओळखीच्या टेकडीचे बेअरिंग घ्यायचे आणि नकाशावर रेघ मारायची. एका बेअरिंगने फक्त रेघ मिळते. आपण त्या रेघेवर कुठेही असू शकतो. दुसरे बेअरिंग घेतले की बिंदू मिळतो आणि तिसरे घेतले की आपण चुकलो नाही याची खात्री होते.

ताऱ्याचे तसेच आहे. आपल्याला दोन गोष्टी ठाऊक नाहीत: आतला पदार्थ कसा आहे, आणि तिथे गुरुत्वाचा नियम नेमका कोणता. १४ ऑगस्ट २०१९ रोजी मिळालेल्या गुरुत्वीय लहरींत सूर्याच्या २.६ पट वस्तुमानाची एक वस्तू आढळली. साध्या बॅग मॉडेलची मर्यादा दोनच्या आसपास. मग कोणी म्हणतो, क्वार्क पदार्थ अधिक ताठ असेल. कोणी म्हणतो, गुरुत्वाचा नियम बदलला तर साधा पदार्थही पुरतो. कोणी म्हणतो, ते छोटे कृष्णविवर असेल. तिन्ही गणिते बरोबर असू शकतात, कारण आपल्या हाती रेघ एकच आहे.

म्हणून अशा लेखांत आधी कागदावरची तपासणी करतात. घनता आणि दाब केंद्रात सर्वाधिक आणि बाहेर जाताना कमी होतात का? पृष्ठभागावर दाब शून्य होतो का? पदार्थातून ध्वनी प्रकाशापेक्षा वेगाने जात नाही ना? छोट्या धक्क्याने तारा कोसळत नाही ना? ही किट इन्स्पेक्शन समजा. ती पास झाली म्हणजे मैदानावरचा सराव जिंकला असे होत नाही. असा तारा 'असू शकतो' एवढेच सिद्ध होते. कात्रणातल्या मथळ्याने 'असू शकतो'चे 'आहे' केले होते.

दुसरे बेअरिंग कुठून येणार?

ते निरीक्षणातून येते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वीय लहरी पोहोचल्या आणि त्यांच्यामागून सुमारे १.७ सेकंदांत गॅमा किरण आले. सुमारे १३ कोटी वर्षांच्या प्रवासात एवढाच फरक! गुरुत्वीय लहरींचा वेग प्रकाशाहून वेगळा सांगणारे कित्येक सिद्धांत त्या दिवशी बाद झाले. वक्रतेच्या वर्गाचा सिद्धांत या कसोटीला उतरला, कारण त्यात हा वेग प्रकाशाइतकाच राहतो.

अंतराळ स्थानकावरची नायसर दुर्बीण काही स्पंदकांच्या त्रिज्या मोजते. त्यातला एक सूर्याच्या दुपटीहून थोडा जड असून त्याची त्रिज्या १२ ते १३ किलोमीटरच्या आसपास आहे. उलट, २०२२ साली एका ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या फक्त ०.७७ पट आणि त्रिज्या १०.४ किलोमीटर असे अनुमान प्रसिद्ध झाले. म्हणजे हलका आणि लहान, लाडवासारखा! पण ते त्याच्या अंतराबद्दलच्या व वातावरणाबद्दलच्या गृहीतकांवर टेकलेले आहे, म्हणून घाई नको. खरी कसोटी अशी, की पदार्थाचे एकच सूत्र आणि गुरुत्वाचा एकच स्थिरांक घेऊन हलके, जड असे सगळे तारे एकाच वेळी जुळले पाहिजेत. प्रत्येक ताऱ्यासाठी स्थिरांक बदलला तर ते स्पष्टीकरण नव्हे, ठिगळ आहे.

या कामात आपणही आहोत. १ जानेवारी २०२४ रोजी इस्रोने सोडलेल्या एक्स्पोसॅट उपग्रहावरची दोन्ही उपकरणे बेंगळुरूची आहेत: पोलिक्स रामन इन्स्टिट्यूटचे, एक्स्पेक्ट यू. आर. राव उपग्रह केंद्राचे. आणि हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ चार किलोमीटर लांबीच्या भुजांची लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहणार आहे. २०२३ साली केंद्र सरकारने तिला २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. लहरी नेमक्या आकाशाच्या कोणत्या भागातून आल्या हे ठरवायला ती मोठी मदत करील. थोडक्यात, आणखी एक बेअरिंग.

त्या कॅडेटला माझे पुरे उत्तर असे: न सापडलेल्या ताऱ्यावर लोक लिहितात, कारण काय शोधायचे हे आधी ठरवल्याशिवाय शोधता येत नाही. असे प्रत्येक मॉडेल वाचताना दोनच प्रश्न विचार. यात गृहीत काय धरले आहे? आणि कोणते मोजमाप आले तर हे चूक ठरेल? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर ते गणित कितीही सुंदर असले तरी अजून एका बेअरिंगवरच उभे आहे.

कात्रण मात्र फेकू नकोस. ते वहीत चिकटव, खाली तारीख घाल, आणि लायगो-इंडिया सुरू होईल त्या वर्षी पुन्हा उघडून बघ.