मागील ब्रेक-कॅलिपर : एका पिढीचा भाग दुसऱ्या पिढीच्या मोटारीवर

एखाद्या यंत्राचा सुटा भाग दुसऱ्या यंत्रावर 'बसतो' असे आपण म्हणतो, तेव्हा दोन अगदी भिन्न विधाने एकाच शब्दात गुंडाळली जातात. पहिले विधान आकारासंबंधी असते : भोकांतील अंतरे जुळतात, आटे जुळतात, भाग जागेवर घट्ट बसतो. दुसरे विधान कार्यासंबंधी असते : बदललेला भाग मूळ भागाचेच काम त्याच प्रमाणात करतो. पहिले सत्य असता दुसरे सत्य असेलच असे नाही. इतर ठिकाणी या घोटाळ्यामुळे फार तर गैरसोय होईल. ब्रेकच्या बाबतीत मात्र त्याची किंमत जिवाने मोजावी लागते. प्रस्तुत लेखात फोक्सवॅगन गोल्फ या लहान मोटारीचे उदाहरण घेऊन हा भेद स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. या मोटारीची पहिली पिढी १९७४ साली, दुसरी १९८३ साली, तिसरी १९९१ साली आणि चौथी १९९७ साली बाजारात आली. दुसऱ्या व तिसऱ्या पिढीच्या ज्या गाड्यांना मागे डिस्क-ब्रेक आहेत, त्यांवर चौथ्या पिढीचे मागील कॅलिपर बसविण्याची प्रथा युरोप-अमेरिकेतील हौशी कारागिरांत रूढ आहे. ती का पडली आणि ती शास्त्राच्या कसोटीस कितपत उतरते, हे आता पाहू.

१. दोषाचे मूळ

मागील कॅलिपराची रचना पुढील कॅलिपराहून अधिक गुंतागुंतीची असते. कारण त्याला दोन धन्यांची चाकरी करावी लागते. पायब्रेक दाबला की द्रवदाबाने दट्ट्या पुढे सरकतो आणि पॅड चकतीवर दाबला जातो. हातब्रेक ओढला असता हेच काम केबलीने करावयाचे असते. त्यासाठी कॅलिपराच्या मागील बाजूस एक तरफ असते. तिच्या दांड्याचे टोक कॅलिपराच्या पोटात शिरून दट्ट्याला यांत्रिक रेटा देते. दट्ट्याच्या आत आट्यांची एक स्वयंसमायोजक रचना असते. पॅड झिजत जाईल तसतशी ती लांब होत जाते. म्हणूनच नवे पॅड घालताना हा दट्ट्या नुसता दाबून आत जात नाही; दाबता दाबता फिरवावा लागतो.

जुन्या पिढ्यांत कॅलिपराचा मुख्य अवयव बिडाचा असे. पोलादी दांडा बिडाच्या भोकात फिरतो आणि रबरी सील त्याचे पाण्यापासून रक्षण करते. युरोपातील हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. सील जीर्ण झाले की हे खारे पाणी आत शिरते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा अधिक असल्यामुळे दांडा व भोक यांतील बारीक फट भरून जाते. मग हातब्रेक सोडला तरी तरफ पूर्णपणे मागे येत नाही आणि पॅड चकतीला घासतच राहतो.

हे घासणे किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु थोडा हिशेब केल्यास त्याचे गांभीर्य ध्यानात येईल. एका चाकावर केवळ १० न्यूटन-मीटर इतके अवशिष्ट परिबल राहिले आहे असे समजू. चाकाची त्रिज्या ०.२९ मीटर व वेग ताशी ८० किलोमीटर धरल्यास चाक सेकंदाला सुमारे ७७ रेडियन फिरते. म्हणजे त्या एका चाकाशी सुमारे पाऊण किलोवॉट उष्णता सतत उत्पन्न होते. विजेची इस्त्री चकतीला टेकवून प्रवास करावा, तसाच हा प्रकार होय. त्याने पॅड अकाली झिजतात, चकती तापते आणि ब्रेकचे तेलही तापते. तेलाने पूर्वीच आर्द्रता शोषली असेल, तर त्याचा उत्कलनबिंदू खाली आलेला असतो. ते उकळून वाफ झाली, म्हणजे दाबली न जाणाऱ्या द्रवाच्या जागी दाबली जाणारी वाफ येते आणि पायब्रेक पोकळ लागतो.

चौथ्या पिढीत कॅलिपराचा मुख्य अवयव ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा करण्यात आला. तो बिडाच्या अवयवापेक्षा हलका असतो आणि लोखंडासारखा गंजत नाही. तथापि हा रामबाण उपाय नव्हे. दांडा पोलादीच असतो. ॲल्युमिनियमवरही पांढरा क्षार धरतो. आणि दुर्लक्ष झाल्यास नवे कॅलिपरही अडकतात.

२. समतोलाची कसोटी

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. मोटार थांबविताना तिचा भार पुढील चाकांकडे ढळतो. १,००० किलोग्रॅम वस्तुमानाची, पुढील चाके हाकणारी मोटार घेऊ. तिचा ३८० किलोग्रॅम भार मागील आसावर आहे, दोन आसांतील अंतर २.४७५ मीटर आहे व गुरुत्वमध्याची उंची ०.५ मीटर आहे असे धरू. यांपैकी आसांतील अंतर दुसऱ्या पिढीच्या गोल्फचे आहे. बाकीचे आकडे उदाहरणापुरते मानले आहेत. गुरुत्वत्वरणाच्या ०.८ पट मंदन होत असता १,००० × ०.८ × ०.५ ÷ २.४७५, म्हणजे सुमारे १६२ किलोग्रॅम भार पुढे जातो. मागे उरतात केवळ २१८. रस्ता व टायर यांतील घर्षणगुणांकही ०.८ असेल, तर मागील दोन चाके मिळून सुमारे १,७१४ न्यूटनपर्यंत रोधक बल रस्त्यावर टाकू शकतात. त्याहून अधिक बल मागितल्यास ती जाम होतात.

पुढील चाके जाम झाली तर मोटार वळत नाही, परंतु सरळ जाते. मागील चाके आधी जाम झाली तर मागचा भाग बाजूला फेकला जातो आणि मोटार स्वतःभोवती गिरकी घेते. म्हणून पुढील चाकांआधी मागील चाके जाम होता कामा नयेत, हा ब्रेकरचनेतील मूलभूत दंडक होय.

कॅलिपर किती बल देतो हे पुढील संबंधावरून कळते : चकतीवरील घर्षणबल = २ × पॅडचा घर्षणगुणांक × द्रवदाब × दट्ट्याचे क्षेत्रफळ. दोन पॅड असल्यामुळे येथे २ हा गुणक आला आहे. या बलाला प्रभावी त्रिज्येने गुणले की परिबल मिळते.

गोल्फच्या जुन्या मागील कॅलिपराच्या दट्ट्याचा व्यास ३८ मि.मी. आहे, क्षेत्रफळ सुमारे १,१३४ चौरस मि.मी. द्रवदाब २५ बार, पॅडचा घर्षणगुणांक ०.४ आणि प्रभावी त्रिज्या ९५ मि.मी. धरल्यास एका चाकावर सुमारे २१५ न्यूटन-मीटर परिबल येते व मागील दोन्ही चाकांचे मिळून १,४८६ न्यूटन बल रस्त्यावर पडते. मर्यादा १,७१४ न्यूटनची. म्हणजे चाके फिरती राहतात.

आता त्याच वाहक-चौकटीवर बसणारा, परंतु ४१ मि.मी. दट्ट्याचा कॅलिपर कोणी लावला असे समजू. व्यासात फरक अवघ्या ३ मि.मी.चा, परंतु क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे ते १६ टक्क्यांहून अधिक वाढते. बल १,७३० न्यूटन होते आणि मर्यादा ओलांडली जाते. कॅलिपर 'बसला' खरा. पण मोटार गिरकी घेण्याच्या स्थितीत आली.

चौथ्या पिढीच्या कॅलिपराची उपयुक्तता नेमकी येथे दिसून येते. त्याचाही दट्ट्या ३८ मि.मी.चाच आहे. त्यामुळे तेवढ्याच द्रवदाबाला तो तेवढाच रेटा देतो. शिवाय तेवढ्याच सरकण्याला तो तेवढेच तेल घेतो. म्हणून पायब्रेकची चाल बदलत नाही आणि मुख्य सिलिंडर बदलावा लागत नाही.

३. चौकट जुनीच का ठेवावी

नवा कॅलिपर-अवयव जुन्या वाहक-चौकटीवर सरळ जोडता येतो. जुनी चौकट, जुनीच चकती आणि तिचेच पॅड कायम राहतात. बदलतो तो फक्त दट्ट्या धारण करणारा अवयव. चौकट हीच पॅडांचे चाकाच्या मध्यापासूनचे अंतर ठरविते. दुसऱ्या पिढीची मागील चकती २२६ मि.मी. व्यासाची व १० मि.मी. जाडीची, तर चौथ्या पिढीची साधी मागील चकती २३२ मि.मी. व्यासाची व ९ मि.मी. जाडीची असते. चौकट न बदलल्यास प्रभावी त्रिज्या बदलत नाही. बलाच्या सूत्रातील एकही घटक बदललेला नाही, हे ज्या अदलाबदलीत दाखविता येते, तीच निर्धोक समजावी.

४. जे जुळत नाही ते

तेलाच्या नळीची जोडणी दोन्ही पिढ्यांत सारखी नाही. म्हणून एका टोकाला नव्या कॅलिपराशी व दुसऱ्या टोकाला गाडीच्या जुन्या नळीशी जुळणारी योग्य नळी घ्यावी लागते. न जुळणारे आटे जबरीने पिळून बसविणे हा अक्षम्य अपराध होय. हातब्रेकच्या केबलीचे टोक व तिची बैठकही तपासून घ्यावी लागते. डावा व उजवा कॅलिपर यांची अदलाबदल झाल्यास हवा काढण्याची निपल सर्वांत वर राहत नाही. हवा वर अडकते आणि कितीही तेल सोडले तरी निघत नाही. दोन्ही बाजूंचे कॅलिपर एकाच वेळी बदलावेत, हे तर सांगावयास नकोच.

शेवटच्या समायोजनात क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम केबल पूर्ण सैल ठेवून हवा काढावी. मग पायब्रेक अनेक वेळा दाबून स्वयंसमायोजक रचनेला आपली जागा घेऊ द्यावी. त्यानंतरच केबल ताणावी, आणि तीही दोन्ही तरफा आपल्या टेकूवर पूर्णपणे परत येतील इतकीच. क्रम उलटा केल्यास तरफ अर्धवट उचललेली राहते, समायोजक काम करीत नाही, आणि ज्या दोषाच्या निवारणासाठी एवढा खटाटोप केला तोच घासण्याचा दोष आपण स्वहस्ते निर्माण करतो.

५. उपसंहार

आपल्याकडील पुष्कळशा लहान मोटारींना मागे ड्रम-ब्रेकच असतात, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत असे फेरबदल करण्यास मनाई करते. तेव्हा हा लेख वाचून कोणी पाना हाती घ्यावा असा हेतू नाही. अभ्यासकाने येथून घ्यावयाचा तो विचाराचा क्रम. भाग बसतो की नाही हा प्रश्न सोपा आहे. त्याचे उत्तर कारखान्यातला पोऱ्याही बोल्ट लावून देईल. भाग बसल्यावर कोणत्या राशी बदलल्या आणि कोणत्या तशाच राहिल्या, हा प्रश्न अभियंत्याचा आहे. त्याचे उत्तर कागदावर मिळाल्यावाचून मोटार रस्त्यावर आणू नये.