तुळू भाषेची स्वनिमव्यवस्था आणि व्याकरण : लिपीत न उमटणारा एक स्वर

द्राविड भाषाकुलाच्या दक्षिण शाखेत तमिळ, मलयाळम व कन्नड या मोठ्या साहित्यभाषांबरोबर कोडगू, तोडा, कोता, बडगा, इरुळा आणि तुळू यांचा समावेश होतो. यांपैकी तुळू ही कर्नाटकातील दक्षिण कन्नड व उडुपी हे जिल्हे आणि केरळातील कासरगोड जिल्ह्याचा उत्तर भाग या सलग प्रदेशाची भाषा आहे. 2011 च्या जनगणनेत तुळू ही मातृभाषा नोंदवणाऱ्यांची संख्या 18,46,427 होती. मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेला तुळुभाषक समाज मराठी भाषकांच्या नित्य परिचयाचा आहे. परंतु त्याच्या भाषेचे स्वरूप मराठी अभ्यासकांना फारसे परिचित नाही. पुष्कळदा तिला कन्नडची बोली समजले जाते. या समजुतीचे एक कारण लिपीत आहे. गेली सुमारे दीड शतके तुळूचे मुद्रण प्रामुख्याने कन्नड लिपीत होत आले असून त्या लिपीत तुळूच्या व्याकरणातील एक मूलभूत भेद दिसेनासा होतो. प्रस्तुत लेखात तुळूची स्वनिमव्यवस्था व व्याकरण यांचा परिचय या भेदाच्या अनुरोधाने करून दिला आहे.

तुळूची व्यंजनव्यवस्था पाहिली तर तिचे स्वतंत्रपण तत्काळ ध्यानात येते. मध्ययुगीन कन्नडात शब्दारंभीच्या 'प'चा 'ह' झाला. तुळूत मूळ 'प' टिकून राहिला. 'वाघ' या अर्थी तमिळमध्ये 'पुलि', कन्नडमध्ये 'हुलि', तर तुळूत 'पिलि' हा शब्द आहे. 'दहा' या अर्थी कन्नड 'हत्तु', पण तुळू 'पत्त्'. मूळ द्राविडीतील वर्त्स्य स्पर्शाची वाटचाल याहून लक्षणीय आहे. तमिळमधील 'ओन्ऱु', 'मून्ऱु', 'आऱु' (एक, तीन, सहा) या संख्यावाचकांशी कन्नड 'ओंदु', 'मूरु', 'आरु' यांचे नाते उघड दिसते. तुळूत मात्र त्यांच्या जागी 'ओंजि', 'मूजि', 'आजि' अशी रूपे येतात. म्हणजे या स्थानी तुळूने 'ज' स्वीकारला. ओष्ठ्य व्यंजनानंतर व मूर्धन्य व्यंजनापूर्वी येणारा अग्रस्वर गोलाकार होणे, हे आणखी एक वैशिष्ट्य होय. तमिळ 'पेण्' (स्त्री, मुलगी), कन्नड 'हेण्णु', पण तुळू 'पोण्णु'. तमिळ 'वेण्डुम्' (पाहिजे), पण तुळू 'बोडु'. असे बदल शब्दाशब्दांत नियमितपणे आढळतात. त्यामुळे तुळू ही कन्नडपासून फुटलेली बोली नसून दक्षिण द्राविडीतून स्वतंत्रपणे विकसित झालेली भाषा आहे, हे मत आज सर्वमान्य आहे.

स्वरांचा विचार करता अ, इ, उ, ए, ओ हे पाच स्वर ऱ्हस्व व दीर्घ अशा दोन्ही रूपांत तुळूत आहेत. ते कन्नड लिपीत व्यवस्थित लिहिता येतात. त्यांखेरीज तुळूत आणखी दोन स्वनिम आहेत. पहिला, ओठ गोल न करता उच्चारला जाणारा, 'उ'च्या जवळचा आखूड स्वर. तो बहुधा शब्दान्ती येतो. मलयाळम व्याकरणात अशा स्वराला 'संवृत उकार' म्हणतात. तेथे 'वन्नु' म्हणजे 'आला' आणि 'वन्न्' म्हणजे 'येऊन' असा अर्थभेद या एका स्वरावर अवलंबून असतो. कन्नड लिपीत तुळू छापताना हा स्वर हलन्त चिन्हाने दाखवण्याची पद्धत रूढ झाली. वर 'पत्त्' या शब्दातील हलन्त चिन्ह तुळूतील याच स्वराचे निदर्शक आहे. तेथे व्यंजनान्त उच्चार अभिप्रेत नाही.

दुसरा स्वनिम म्हणजे 'ए'पेक्षा अधिक विवृत असा अग्रस्वर. मराठी वाचकाला तो समजण्यास अडचण पडू नये. कारण 'बेट' आणि 'बॅट' या शब्दांत जो उच्चारभेद आहे, त्याच्या जवळपासचा हा भेद आहे. मराठीत हा विवृत स्वर मुख्यतः इंग्रजीतून आलेल्या शब्दांत येतो व त्यासाठी स्वतंत्र चिन्ह रूढ झाले आहे. तुळूत तो देशी शब्दांत व प्रत्ययांत येतो आणि व्याकरणाचा एक मोठा भार वाहतो. 'मी करतो' किंवा 'मी करते' या अर्थी तुळूत 'मळ्पुवॅ' म्हणतात. 'तो करतो' या अर्थी 'मळ्पुवे'. प्रथमपुरुष एकवचन आणि तृतीयपुरुष पुल्लिंगी एकवचन यांतील सारा भेद या अन्त्य स्वरात सामावलेला आहे. भूतकाळातही हीच व्यवस्था आहे : 'बत्तॅ' म्हणजे 'मी आलो' वा 'मी आले', 'बत्ते' म्हणजे 'तो आला'. पूर्णकाळात 'बैदॅ' म्हणजे 'मी आलो आहे' वा 'मी आले आहे' आणि 'बैदे' म्हणजे 'तो आला आहे'. ब्राह्मणी व ब्राह्मणेतर अशा तुळूच्या बोलींत इतर अनेक बाबतींत फरक असले, तरी या दोन स्वरांचा विरोध सर्व बोलींत आढळतो.

कन्नड लिपीत या विवृत स्वरासाठी चिन्ह नाही. परिणामी दोन्ही रूपे एकाच 'ए'काराने लिहिली जातात. 'यान्' (मी) किंवा 'आये' (तो) हे सर्वनाम वाक्यात असेल तर अर्थ कळतो. परंतु क्रियापदातच पुरुष व्यक्त होत असल्याने द्राविड भाषांत सर्वनाम सहज गाळले जाते. ऐकणाऱ्याला तेव्हाही कर्ता कळतो, वाचणाऱ्याला मात्र संदर्भाचा आधार शोधावा लागतो.

ही अडचण केवळ शालेय लेखनापुरती नाही. तुळूचे मोठे वाङ्मय मौखिक आहे. भूतदेवतांच्या उत्पत्तीच्या व पराक्रमाच्या 'पाड्दन' या गीतकथा हा त्याचा गाभा होय. कोल या विधीत देवतेची कथा सांगितली जाते आणि संचार झाल्यावर देवता स्वतः बोलू लागते. देवतेविषयीचे कथन आणि देवतेचे कथन यांतील सीमारेषा म्हणजे तृतीयपुरुष व प्रथमपुरुष यांतील सीमारेषा. देवता पुरुषरूप असेल व एकवचन योजले असेल, तर तुळूत ही रेषा 'ए' आणि 'ॲ' या दोन स्वरांमधून जाते. कानाला ती स्पष्ट असते. कन्नड लिपीतील संहितेत ती पुसली जाते.

मराठीतील एक समांतर उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. 'काम केलें' आणि 'लाडू केले' या जुन्या लेखनात नपुंसकलिंगी एकवचन व पुल्लिंगी अनेकवचन वेगळे दिसत. 1962 च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले आणि दोन्ही रूपे 'केले' अशी एकसारखी झाली. बोलण्यात 'काम केलं' आणि 'लाडू केले' हा भेद कायम राहिला, आणि संवादलेखनात 'केलं' असे लिहिण्याची मोकळीकही ठेवली गेली. मराठीत भेद लिहिण्याची सोय हाताशी होती व तिचा वापर मर्यादित करण्यात आला. तुळूला मुळात अशी सर्वमान्य सोयच लाभलेली नाही.

तुळूच्या रूपविचाराची अन्य वैशिष्ट्येही महत्त्वाची आहेत. 'आम्ही' आणि 'आपण' या मराठी भेदाप्रमाणे तुळूत श्रोत्याला वगळणारे 'एंकुळु' व श्रोत्याला सामावून घेणारे 'नम' अशी दोन सर्वनामे आहेत. मराठीतील हा भेद द्राविड संपर्काची खूण मानला जातो. नास्तित्व दाखवण्यासाठी 'इज्जि' आणि 'ते हे नव्हे' अशा तादात्म्यनिषेधासाठी 'अत्त्' असे दोन निराळे शब्द आहेत. मराठीत 'नाही' व 'नव्हे' यांत असाच भेद होता, पण आता 'नाही' या एकाच शब्दाकडे कल दिसतो. विभक्तींमध्ये तुळूची एक विशेष विभक्ती आहे. सांगणे, बोलणे, विचारणे, विनवणे अशा क्रियापदांबरोबर, ज्याला उद्देशून बोलणे होते त्याला ही विभक्ती लागते : 'आयड' म्हणजे '(बोलण्यात) त्याला, त्याच्याशी, त्याच्यापाशी'. मराठीत या कामी क्रियापदागणिक 'ला', 'शी', 'कडे' अशी निरनिराळी साधने योजावी लागतात.

या भाषेचे पहिले छापील व्याकरण बासेल मिशनच्या ब्रिगेल यांनी 1872 मध्ये प्रसिद्ध केले. मेनर यांचा तुळू-इंग्रजी कोश 1886 चा आहे. विवृत स्वराची लेखनातील अडचण पणियाडी यांनी आपल्या 1932 च्या तुळू व्याकरणात हाताळली व कन्नड लिपीत त्यासाठी खास चिन्ह योजले. डी. एन. शंकर भट यांचे तुळूचे वर्णनात्मक विश्लेषण पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1967 मध्ये प्रकाशित केले. आधुनिक भाषाविज्ञानाच्या पद्धतीने तुळूची स्वनिमव्यवस्था मांडणाऱ्या या ग्रंथाशी महाराष्ट्राचे नाव जोडले गेले आहे. उडुपीहून 1988 पासून सहा खंडांत निघालेल्या तुळू निघंटूत संपादक यू. पी. उपाध्याय यांनी पणियाडींचीच चिन्हयोजना स्वीकारली. सामान्य मुद्रणात मात्र ती रुळली नाही.

अलीकडे तुळूच्या जुन्या लिपीच्या पुनरुज्जीवनाचे प्रयत्न होत आहेत. 2024 मध्ये युनिकोडच्या 16.0 या आवृत्तीत 'तुळू-तिगळारी' लिपीचा समावेश झाला. अस्मितेच्या दृष्टीने ही घटना मोलाची आहे. तथापि ही लिपी प्रामुख्याने संस्कृत ग्रंथांच्या लेखनासाठी वापरली गेली, आणि संस्कृतच्या वर्णमालेत या विवृत स्वराला स्थान नाही. त्यामुळे लिपी बदलली तरी 'मी' आणि 'तो' यांतील भेद लिहिण्याचा प्रश्न आपोआप सुटत नाही. दक्षिण कन्नड व उडुपी जिल्ह्यांतील काही शाळांत तुळू तिसरी भाषा म्हणून शिकवली जाते. घरी जो भेद मूल अचूक उच्चारते, तो त्याच्या पाठ्यपुस्तकात उमटावा की नाही, हे लिपी कोणतीही असली तरी ठरवावेच लागेल. त्याचे उत्तर भाषेच्या स्वनिमव्यवस्थेत आहे : ज्या स्वरावर क्रियापदाचा पुरुष अवलंबून आहे, त्याला लेखनात स्वतःचे चिन्ह मिळणे ही व्याकरणाचीच गरज होय.