परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह

परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह म्हणजे सूर्याकडून मिळालेली ऊर्जा अन्नाच्या रूपाने एका सजीवाकडून दुसऱ्या सजीवाकडे जाण्याची आणि त्या वाटेवर उष्णतेच्या रूपाने विखुरली जाण्याची प्रक्रिया होय. पाणी, कार्बन, नायट्रोजन व फॉस्फरस हे घटक निसर्गात चक्राकार फिरत राहतात. ऊर्जा मात्र एकाच दिशेने वाहते आणि एकदा उष्णता होऊन निघून गेली की सजीवांना पुन्हा वापरता येत नाही. एखाद्या परिसंस्थेत किती ऊर्जा येते यापेक्षा ती कोणत्या वाटेने वाहते, यावर तेथील जीवसृष्टीचे स्वरूप अधिक अवलंबून असते. पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यातून वाहणाऱ्या पवना आणि इंद्रायणी या नद्या याचे ठळक उदाहरण आहेत.

मूलभूत संकल्पना

हिरव्या वनस्पती व शैवाल प्रकाशसंश्लेषणाद्वारे सूर्यप्रकाशातील ऊर्जा सेंद्रिय पदार्थांत साठवतात. त्यांना उत्पादक म्हणतात. त्यांच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सर्वसाधारणपणे एक टक्क्याच्या आसपासच ऊर्जा अशी साठवली जाते. उत्पादकांना खाणारे प्राथमिक भक्षक, त्यांना खाणारे द्वितीयक भक्षक आणि त्यांच्याही वरचे तृतीयक भक्षक अशा पोषण पातळ्या मानल्या जातात. मृत अवशेष व मलद्रव्ये यांवर जगणारे जीवाणू आणि बुरशी हे विघटक होत. ‘परिसंस्था’ ही संकल्पना ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्सली यांनी १९३५ साली मांडली.

दहा टक्क्यांचा नियम

अमेरिकन परिसंस्थाशास्त्रज्ञ रेमंड लिंडमन यांनी मिनेसोटा राज्यातील एका लहान सरोवराचा अभ्यास करून पोषण पातळ्यांमधील ऊर्जेचा हिशेब मांडला. त्यांचा निबंध १९४२ साली, त्यांच्या अकाली निधनानंतर प्रसिद्ध झाला. एका पातळीवरील ऊर्जेपैकी साधारण १० टक्के ऊर्जाच पुढील पातळीवर पोहोचते, हा नियम त्यांच्या नावाने ओळखला जातो. उरलेली ऊर्जा श्वसन, हालचाल यांत खर्च होते, अथवा न खाल्लेल्या व न पचलेल्या भागांसह विघटकांकडे जाते. दहा टक्के ही ढोबळ सरासरी आहे. प्रत्यक्षातील प्रमाण परिसंस्थेनुसार कमीअधिक असते.

शैवालात १०,००० एकक ऊर्जा साठली असेल, तर ते खाणाऱ्या कीटकांच्या अळ्या व गोगलगायी यांच्या वाट्याला सुमारे १,०००, लहान माशांच्या वाट्याला १०० आणि मासे टिपणाऱ्या खंड्याच्या वाट्याला १० एकक ऊर्जा येते. म्हणूनच अन्नसाखळीत सहसा चार-पाचांहून अधिक पातळ्या आढळत नाहीत आणि शिखरावरील भक्षकांची संख्या नेहमीच थोडी असते.

नदीतील दोन अन्नसाखळ्या

हिरव्या उत्पादकांपासून सुरू होणारी ती चरणारी अन्नसाखळी, तर मृत सेंद्रिय द्रव्यापासून सुरू होणारी ती अपरद अन्नसाखळी. निरोगी नदीत या दोन्ही साखळ्या एकमेकींत गुंफलेल्या असतात. पवना व इंद्रायणी या दोन्ही नद्या लोणावळा परिसरातील सह्याद्रीत उगम पावतात. तेथे काठच्या झाडांची पाने पाण्यात पडतात, बुरशी व जीवाणू ती कुजवतात आणि कीटकांच्या अळ्या त्यांवर जगतात. खळाळत्या पाण्यात हवा मिसळत असल्याने विघटनासाठी लागणारा ऑक्सिजन तेथे मुबलक असतो.

नदी शहरात शिरल्यावर चित्र पालटते. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य म्हणजे दूरच्या शेतांत पिकांनी साठवलेली सूर्यऊर्जाच होय. माणसांच्या आहारातून ती शहरात येते आणि शुद्धीकरण न झाल्यास नदीत उतरते. त्यामुळे नदीला मिळणारी ऊर्जा कमी न होता वाढते. परंतु ती जवळपास सर्वस्वी विघटकांच्या हाती जाते. जीवाणूंची झपाट्याने वाढ होते आणि ते पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवू लागतात.

२५ अंश सेल्सिअस तापमानाच्या स्वच्छ पाण्यात, दर लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. विघटकांना लागणारा ऑक्सिजन ‘जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी’ अर्थात बीओडी या मापाने मोजतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार स्नानयोग्य पाण्यात बीओडी दर लिटरला ३ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी आणि विरघळलेला ऑक्सिजन ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असावा लागतो.

ऑक्सिजन घटला की महासीरसारखे स्वच्छ, वाहत्या पाण्यातील मासे प्रथम नाहीसे होतात. या भागातील महासीरचे शास्त्रीय वर्णन विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ साली पुणे परिसरातील मुळा-मुठेच्या माशांवरून केले होते. गढूळ पाण्यात हवेतून श्वास घेऊ शकणारा मांगूर, चिवट चिलापी आणि गाळातील तांबड्या अळ्या टिकून राहतात. ऊर्जा भरपूर असूनही अन्नजाळे आखूड व एकसुरी होते.

जलपर्णी

दक्षिण अमेरिकेतून आलेली जलपर्णी ही तरंगणारी वनस्पती सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरसवर पोसली जाते. तिची दाट चादर सूर्यप्रकाश पृष्ठभागावरच अडवते. त्यामुळे पाण्यातील शैवाल व बुडालेल्या वनस्पती उपाशी राहतात. तिच्या पानांतून निघणारा ऑक्सिजन मुख्यतः हवेत जातो, पाण्याला मिळत नाही. मेलेली पाने तळाशी जाऊन कुजतात आणि ऑक्सिजनची मागणी आणखी वाढवतात. काढलेली जलपर्णी काठावरच टाकून दिली, तर तिच्यातील पोषकद्रव्ये पावसाबरोबर पुन्हा नदीत येतात. आळंदी येथे इंद्रायणीवर दिसणारा फेस मात्र मुख्यतः फेस निर्माण करणाऱ्या अपमार्जकांसारख्या रसायनांमुळे होतो. तो जलपर्णीपासून निराळा प्रश्न आहे.

विषारी द्रव्यांचे संचयन

अन्नसाखळीत वर जाताना ऊर्जा घटते. याउलट शरीरात सहज न विघटणाऱ्या काही द्रव्यांची तीव्रता वाढत जाते. यास जैविक विशालन म्हणतात. मिथिल पारा व डीडीटी ही त्याची परिचित उदाहरणे होत. सर्वच धातू अशा रीतीने वाढत नाहीत; तथापि औद्योगिक सांडपाण्याचा विचार करताना ऊर्जेबरोबर अशा द्रव्यांचाही माग घ्यावा लागतो.

ऊर्जाप्रवाह आणि शुद्धीकरण

सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात नदीतील विघटकांचेच काम टाक्यांमध्ये करून घेतले जाते. यंत्रांनी हवा पुरवल्याने जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन नदीतून घ्यावा लागत नाही. उरलेला गाळ हवाविरहित टाकीत कुजवल्यास त्यातील काही ऊर्जा जैववायूच्या रूपाने परत मिळते. विघटन टाळता येत नाही; ते टाकीत व्हावे की नदीत, एवढेच ठरवता येते. या निर्णयाचा परिणाम शहरापुरता राहत नाही, कारण पवनेचे पाणी मुळा-मुठेतून आणि इंद्रायणीचे तुळापूर येथील संगमातून भीमेला मिळते व पुढे उजनी जलाशयात साठते.